प्रसारण तंत्रज्ञ: सभा सुरू होण्याआधी आणि नंतर

राहाता तालुक्याची ओळख करून देताना पेरूच्या बागा येतात, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना येतो आणि शिर्डी तर येतेच. त्यात आणखी एक भर घालायला हरकत नाही. हा तालुका प्रसारणाच्या दोन्ही टोकांना आहे. अहिल्यानगरच्या आकाशवाणीची लहर इथे पोचते ती दमून पोचते, त्यामुळे इथला श्रोता काठावरचा श्रोता. शिर्डीच्या समाधी मंदिरातलं चित्र मात्र इथूनच निघतं आणि जगभर जातं. या दोन्ही ठिकाणी कुणीतरी ड्युटीवर बसलेलं असतं. त्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही आणि कार्यक्रमाच्या शेवटी नाव आलंच तर ‘तांत्रिक साहाय्य’ या दोन शब्दांमागे येतं.

कार्यक्रम चांगला की वाईट हे तंत्रज्ञ ठरवत नाही. तो ठरल्या वेळी, ठरल्या पातळीवर, न तुटता पोचवायचा, एवढी त्याची जबाबदारी. या ‘एवढ्या’त काय काय येतं ते राहात्यात उभं राहून पाहू.

राहात्यात १००.१ खरखरतं का?

अहिल्यानगर केंद्र एफएमवर १००.१ मेगाहर्ट्‌झवर लागतं. या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर. एवढी आखूड लहर जमिनीच्या वळणाबरोबर फारशी वळत नाही, जवळजवळ सरळ जाते. त्यामुळे अँटेना जितकी उंच, तितका तिचा पल्ला लांब. यासाठी तंत्रज्ञांच्या वहीत एक सोपं सूत्र असतं: दोन्ही टोकांच्या उंचीची, मीटरमधली, वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि तिला ४.१२ नं गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. समजा प्रक्षेपणाचा टॉवर १०० मीटर आणि घराच्या गच्चीवरची अँटेना १० मीटर, तर पल्ला येतो साधारण ५४ किलोमीटर.

नगरहून राहाता सरळ रेषेत सत्तरहून थोडं जास्त पडतं. म्हणजे हिशेबानं राहाता क्षितिजापलीकडे आहे. पण हे सूत्र सपाट जमीन धरतं, आणि आपला जिल्हा सपाट नाही. नगर शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, राहाता-शिर्डी पाचशेच्या जवळ. ही उंची लहरीच्या फायद्याची. तोटा असा की विळद घाट उतरताना पठाराची कड मध्ये येते आणि तिच्यामागे सावली पडते. त्यामुळे एकाच गावात एका गल्लीत केंद्र स्वच्छ लागतं आणि दुसऱ्या गल्लीत नुसतं फुसफुसतं. श्रोत्याची तक्रार आली की चांगला तंत्रज्ञ आधी विचारतो, ‘रेडिओ कुठे ठेवलाय?’ प्रश्न टाळण्यासाठी नाही. खिडकीपासून हातभर आत गेलं तरी फरक पडतो, म्हणून.

पुणे केंद्राचा मामला निराळा. ते मध्यम लहरींवर, ७९२ किलोहर्ट्‌झवर आहे. लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर आणि ट्रान्समीटर १०० किलोवॅटचा. ही लांबच लांब लहर जमिनीला धरून चालते, घाटाची कड तिला अडवत नाही, म्हणून दीडशे किलोमीटरवरच्या राहात्यातही दिवसा ती मिळते. अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. वातावरणात फार उंचावर एक थर असतो, तो दिवसा वर आकाशाकडे गेलेल्या मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो, आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं आकाशातून परावर्तित होऊन आपल्या केंद्राच्या उरावर येऊन बसतात. यात तंत्रज्ञाला करता येण्यासारखं थोडंच आहे. पण श्रोत्याला हे कारण त्यानं सांगितलं पाहिजे, नाहीतर बिचारा रेडिओ दुरुस्तीला टाकून येतो.

पुण्याचा स्टुडिओ शिवाजीनगरला आहे आणि ट्रान्समीटर हडपसरला. हडपसरच्या बसथांब्याला ‘आकाशवाणी’ नाव पडलंय ते तिथल्या उंच मनोऱ्यामुळे, म्हणजे मास्टमुळे. मध्यम लहरींच्या केंद्रात मास्टला वेगळी अँटेना लटकवलेली नसते, आख्खा मास्टच अँटेना असतो. तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्या पायाभोवती जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या असतात. प्रक्षेपण चालू असताना त्या मास्टला हात लावला तर भाजतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून तिथे कुंपण, कुलूप आणि किल्ली ड्युटीवरच्या माणसाच्या खिशात.

सभा सुरू होण्याआधी

आकाशवाणीत दिवसाच्या प्रसारणाचे भाग असतात, त्यांना सभा म्हणतात: पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा. पहिली सभा भल्या सकाळी सुरू होते, आणि ट्रान्समीटरवरचा माणूस तिच्याआधी पुरेसा वेळ हाती ठेवून हजर असतो.

आल्याबरोबर तो बटण दाबत नाही. आधी वास घेतो. जळका वास, ओझोनचा वास, उंदराचा वास. मग कान देतो: ब्लोअरचा आवाज रोजचाच आहे का? मग मीटर बघतो: तिन्ही फेजचे व्होल्टेज बरोबर येतात का, स्टॅबिलायझर ठीक आहे का, जनरेटरच्या टाकीत डिझेल किती. रात्रीतून पॅनेलमध्ये पाल शिरलेली असण्याची शक्यता फार मोठी असते, हे या धंद्यातलं कुणीही सांगेल. पालीला उबदार जागा आवडते आणि दोन टर्मिनलमधलं अंतर ती नेमकं आपल्या अंगानं भरून काढते.

जुन्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमध्ये चालू करण्याचा क्रम ठरलेला होता. आधी हवा, मग फिलामेंट, ते तापायला वेळ, आणि शेवटी हाय टेन्शन. क्रम चुकला तर हजारो रुपयांचा व्हॉल्व्ह गेला. आजचे ट्रान्समीटर ट्रान्झिस्टरचे असतात. त्यांत ताकद अनेक छोट्या मॉड्यूलमध्ये वाटलेली असते, एक मॉड्यूल गेलं तरी केंद्र बंद पडत नाही, ताकद थोडी कमी होते एवढंच. काम सोपं झालं हे खरं. धोका मात्र असा की एक मॉड्यूल गेलं तरी श्रोत्याला कळत नाही, दुसरं गेलं तरी कळत नाही, आणि रोज रीडिंग घेणारा माणूस नसेल तर तिसऱ्याच्या दिवशी सगळंच बसतं.

म्हणून लॉगबुक. ठरावीक वेळानं आकडे लिहायचे: पुढे गेलेली ताकद, परत आलेली ताकद, करंट, व्होल्टेज, तापमान. यातला ‘परत आलेली ताकद’ हा आकडा सगळ्यांत बोलका. ट्रान्समीटरमधून निघालेली सगळी ऊर्जा अँटेनातून बाहेर पडली पाहिजे. थोडी नेहमीच परत येते. तीन हजार वॅट पाठवले आणि तीस परत आले, तर चिंता नाही. ते तिसाचे पन्नास, पन्नासाचे ऐंशी असे आठवडाभर चढत असतील, तर टॉवरवर कुठेतरी पाणी शिरलंय किंवा जोड सैल झालाय. यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी एका मर्यादेनंतर आपोआप बंद होतंच. तंत्रज्ञाचं कौशल्य हे की त्या मर्यादेच्या आधी, सभा संपल्यावर, निवांतपणे माणूस वर चढवायचा.

पाणी शिरू नये म्हणून टॉवरवर जाणाऱ्या जाड पोकळ केबलमध्ये दाबानं कोरडी हवा भरलेली असते. ती कोरडी करायला सिलिका जेलचे दाणे. निळे असले तर ठीक, गुलाबी झाले की त्यांनी ओल प्यायली, बदला किंवा तापवून घ्या. पावसाळ्यात या डबीकडे रोज नजर जाते.

कंट्रोल रूममधली शांतता

निवेदक, ड्युटी ऑफिसर आणि तंत्रज्ञ यांच्या हातात एकच क्यू शीट असते. कोणता कार्यक्रम किती वाजता, कुठून, किती मिनिटांचा, हे सगळं त्यात लिहिलेलं. सगळं नीट चाललं तर तंत्रज्ञ फक्त पातळी बघत बसतो. बोलणारा पाहुणा आधी माइकपाशी पुटपुटतो आणि विषय उसाच्या भावावर आला की ओरडतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवरची तंत्रज्ञाची बोटं त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होतात. हे काम आता कॉम्प्रेसर नावाचं उपकरण आपोआप करतं, पण त्याच्यावर सोडून दिलं की दोन वाक्यांच्या मधल्या विरामात पंख्याचा आवाज वर येतो. गावाकडून आलेल्या शेतकऱ्याला ‘जरा जवळ बसा, दादा, माइकला घाबरू नका’ असं म्हणून खुर्ची पुढे ओढणारा तंत्रज्ञ त्या उपकरणापेक्षा जास्त उपयोगी असतो, असं माझं मत आहे.

खरी परीक्षा शांततेची. रेडिओवर काही सेकंद काहीच आलं नाही की श्रोत्याचा हात बटणाकडे जातो. टीव्हीवर निदान काळा पडदा तरी दिसतो, रेडिओवर केंद्र आहे की नाही हेच कळेनासं होतं. म्हणून फिलर नेहमी तयार: वाद्यसंगीताचा एखादा तुकडा, कुठेही सुरू करता येईल आणि कुठेही थांबवता येईल असा. शांततेचा आवाज ओळखून गजर देणारी यंत्रं आहेत. पण मुलाखतीत दुःखानं कुणी थांबलं आणि यंत्रानं त्या क्षणी सतार सुरू केली, असंही होऊ शकतं. कुठली शांतता ठेवायची आणि कुठली भरायची, हे माणसालाच ठरवावं लागतं.

प्रसारण तुटलं तर ते किती वेळ तुटलं हे मिनिट-सेकंदांत लिहायचं, कारणासह. ‘वीज गेली’ एवढं पुरत नाही. वीज गेली, मग जनरेटर का लागला नाही? लागला, तर किती सेकंदांनी? हा कागद वरच्या कार्यालयात जातो आणि त्यावर प्रश्न येतात.

दिल्लीची बातमी पाव सेकंद उशिरा

स्थानिक केंद्र दिवसभर आपलंच बोलत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय बातम्या, पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, एखादा राष्ट्रीय संगीताचा कार्यक्रम, हे सगळं बाहेरून येतं आणि इथून पुढे प्रक्षेपित होतं. पूर्वी हे टेलिफोन खात्याच्या तारांवरून किंवा लघुलहरी पकडून यायचं, आणि लघुलहरींवरचा तो चढउतार जुन्या श्रोत्यांच्या कानात अजून असेल. आता बहुतेक उपग्रहावरून येतं.

उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तिथवर जाऊन परत यायला लहरीला जवळपास पाव सेकंद लागतो, त्यात आवाजाचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या यंत्रांचा वेळ मिळवायचा. त्यामुळे रेडिओवर ऐकलेल्या वेळेच्या टिकटिकीवर घड्याळ लावलं तर ते किंचित मागे पडतं. घरच्या कामाला चालतं. कंट्रोल रूमला चालत नाही, म्हणून तिथलं घड्याळ वेगळ्या स्रोतावर लावलेलं असतं.

वर्षातून दोनदा, मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात, काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. डिश उपग्रहाकडे बघते तशी सूर्याकडेही बघू लागते आणि सूर्याच्या गोंगाटात कार्यक्रम काही मिनिटं बुडतो. यावर उपाय नाही. पण तारखा आणि मिनिटं आधी काढता येतात, त्यामुळे जाणता तंत्रज्ञ ड्युटी ऑफिसरला आठवडाभर आधी सांगतो की अमुक दिवशी या वेळेला आपला स्थानिक कार्यक्रम ठेवा. अचानक आलेलं संकट म्हणून याची नोंद करणाऱ्याला सूट मिळू नये.

शिर्डीचं थेट दर्शन

आता टोक बदलू. साईबाबांच्या समाधी मंदिरातलं थेट दर्शन संस्थानच्या संकेतस्थळावर दिवसभर दिसतं. बातमीसारखं याला ‘कार्यक्रम’ म्हणता येत नाही. सुरुवात नाही, शेवट नाही, निवेदक नाही, आणि एका मूर्तीवर कॅमेरा. बघणाऱ्याला वाटेल यात तंत्रज्ञाला काम ते काय? असं दिवसभराचं एकचित्री प्रसारण हे मला या क्षेत्रातलं सगळ्यांत अवघड काम वाटतं. बिघाड लपवायला इथे जागाच नाही. कट करून दुसऱ्या कॅमेऱ्यावर जाता येत नाही, जाहिरात लावता येत नाही.

प्रकाशापासून सुरू करू. समाधीमागची मूर्ती पांढऱ्या संगमरवराची, शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली, १९५४ मध्ये बसवलेली. पांढरा संगमरवर, त्यावर दर वेळी वेगळ्या रंगाची वस्त्रं, मुकुट आणि दागिन्यांची चकाकी, आणि समोर काळोख्या बाजूला भक्तांची रांग. कॅमेरा आपोआप प्रकाश मोजायला ठेवला तर तो पूर्ण चौकटीची सरासरी काढतो आणि मूर्तीचा चेहरा पांढराफटक करून टाकतो. म्हणून हातानं ठरवायचं. व्ह्यूफाइंडरवर अतिप्रकाशाच्या जागी तिरक्या रेघा दिसतात, त्यांना झेब्रा म्हणतात. कपाळावर झेब्रा आला की लेन्सचं छिद्र बारीक करा. आरतीच्या वेळी ज्योत कॅमेऱ्यासमोर फिरते तेव्हा परत तेच गणित.

दुसरी गोष्ट दिव्यांची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की लुकलुक निघून जाते. परदेशातून आणलेला कॅमेरा साठ चित्रांच्या मापावर राहिला तर पडद्यावर काळे पट्टे सरकू लागतात. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या कितीतरी जणांची रात्र या एका सेटिंगनं वाया घालवली आहे.

तिसरी गोष्ट आवाज. शांत वेळी सभामंडपात पावलं, कुजबुज, पंखे. आरती सुरू झाली की घंटा, टाळ, वाद्यं आणि शेकडो कंठ एकदम. घंटेचा ठोका माइकच्या सहनशक्तीच्या पलीकडे गेला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही यंत्रानं शिवता येत नाही. गाणाऱ्यांचा माइक त्यांच्या जवळ, घंटेपासून पाठ फिरवून, आणि वरच्या पातळीला बरीच मोकळी जागा ठेवून. शांत वेळी आवाज बारीक वाटेल, वाटू दे.

आणि वेळापत्रक. पहाटेची काकड आरती, दुपारी बाराची माध्यान्ह आरती, सूर्यास्ताची धूपारती, रात्रीची शेजारती. तीन आरत्या घड्याळावर चालतात, धूपारती सूर्यावर. शिर्डीत सूर्य डिसेंबरच्या तोंडाला सहाच्या अलीकडे मावळतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या सुमाराला. ध्वनिमुद्रण, प्रकाश किंवा स्वयंचलित कॅमेऱ्याची हालचाल ज्यांनी घड्याळावर बांधली, त्यांना वर्षभर ती सरकवत राहावी लागते. बघणाऱ्यांची वेळ तर आणखी निराळी. सव्वापाचची काकड आरती न्यू जर्सीतल्या मराठी घरात उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी पावणेआठला दिसते, म्हणजे जेवणाच्या टेबलावर. देखभालीसाठी दहा मिनिटं प्रसारण बंद ठेवू, कोण बघतंय, असं इथे म्हणता येत नाही. कुणीतरी बघतच असतं.

इंटरनेटवरून जाणारं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवलं जातं, आणि बघणाऱ्याचं यंत्र दोन-तीन तुकडे साठवल्यावरच दाखवायला लागतं. म्हणून ‘थेट’ दर्शनही दहा ते तीस सेकंद मागे असतं. वाट तुटू नये म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्यायच्या. इथे एक मेख आहे: कंपन्या दोन असल्या तरी रस्त्याकडेनं त्यांच्या तारा एकाच चरात पुरलेल्या असू शकतात, आणि नगर-मनमाड रस्त्यावर कुठे ना कुठे खोदकाम चाललेलंच असतं. कागदावर दोन वाटा आणि जमिनीत एक, हे तपासायला स्वतः चालत जाऊन बघावं लागतं.

गाड्या येतात तेव्हा

रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी या दिवसांत शिर्डीत वाहिन्यांच्या ओबी व्हॅन दिसतात. २०१८ मध्ये साईसमाधीच्या शताब्दीला तर दिसल्याच. तालुक्यातल्या पुणतांब्यानं २०१७ मध्ये शेतकरी संपाची हाक दिली, तेव्हा देशभरच्या कॅमेऱ्यांची तोंडं त्या गावाकडे वळली होती.

ओबी व्हॅन म्हणजे चाकांवरची कंट्रोल रूम, छतावर डिश आणि पोटात जनरेटर. तंत्रज्ञ सगळ्यांत आधी पोचतो आणि दक्षिणेकडचं आकाश मोकळं आहे का बघतो, कारण आपल्याकडून भूस्थिर उपग्रह दक्षिणेकडच्या आकाशातच असतात. पिंपळाचं एक झाड मध्ये आलं की जागा बदला. मग गाडी हलणार नाही अशी जॅकवर उचलायची, अर्थिंगची सळई जमिनीत ठोकायची, डिश उपग्रहावर लावायची आणि उपग्रह चालवणाऱ्या नियंत्रण केंद्राला फोन करून परवानगी मिळाल्यावरच लहर वर सोडायची. न विचारता सोडली तर शेजारच्या दुसऱ्या कुणाचं तरी प्रसारण बिघडतं.

हल्ली बातमीदार पाठीवर एक पेटी घेऊन फिरतो, त्यात अनेक मोबाइल कंपन्यांची सिमकार्डं एकत्र काम करतात. स्वस्त, सुटसुटीत. पण जिथे लाखभर माणसं जमतात, तिथे लाखभर मोबाइलही जमतात आणि सगळ्या कंपन्यांचे टॉवर एकदम गुदमरतात. गंगागिरी महाराजांच्या हरिनाम सप्ताहासारख्या गर्दीत म्हणूनच जुनी डिशवाली गाडी अजून भाव खाते.

गल्लीतला तंत्रज्ञ

केबलवाल्याला कुणी प्रसारण तंत्रज्ञ म्हणत नाही, पण शेवटचे काही किलोमीटर त्याचेच. ग्रामीण भागातल्या केबलला डिजिटल होण्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. त्याआधी सिग्नल हळूहळू खराब व्हायचा, चित्रावर मुंग्या यायच्या आणि गिऱ्हाईक आठवड्यानं तक्रार करायचं. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि मग एकदम चौकोन-चौकोन होऊन गोठतं. म्हणजे इशारा मिळण्याची सोय गेली. आता मीटर घेऊन फिरणं आणि खांबावरचा जोड पावसाआधी बांधणं याला पर्याय नाही.

दूरदर्शनच्या हवेतून येणाऱ्या जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणाचे मनोरे २०२२ पर्यंत बहुतेक सगळे थंडावले. ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचं काम त्यांच्याबरोबर संपलं किंवा दुसरीकडे गेलं. घरावरची माशाच्या काट्यासारखी अँटेना राहात्यात अजून कुठे दिसली, तर ती बहुधा कपडे वाळत घालायला राहिलेली असते.

टॉवर आणि वीज

टॉवरच्या शेंड्यावरचा लाल दिवा विमानांसाठी. काकडी गावी शिर्डी विमानतळ २०१७ पासून सुरू आहे, त्यामुळे या परिसरात कुठलाही उंच मनोरा उभारायचा तर विमान वाहतुकीची परवानगी हा पहिला कागद, आणि दिवा गेला तर तो बदलणं हे ‘बघू उद्या’ प्रकारातलं काम राहात नाही.

वर चढणारा माणूस दोन दोऱ्यांचा पट्टा लावतो. एक सोडण्याआधी दुसरी अडकवायची. चढण्याआधी ट्रान्समीटर बंद, आणि त्या स्विचला स्वतःचं कुलूप घालून किल्ली बरोबर घ्यायची. खालच्या माणसाच्या ‘बंद केलंय’ या शब्दावर विश्वास ठेवून वर जायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. ट्रान्समीटर बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. इन्सुलेटेड दांड्याला जोडलेली अर्थची तार आधी त्याला टेकवायची, तिथेच अडकवून ठेवायची, आणि मग हात घालायचा. आणि मधमाश्या. आग्या मोहोळाला उंच लोखंड फार आवडतं. त्याच्यासाठी नियमपुस्तिकेत धडा नाही.

विजेबद्दल ग्रामीण वाचकाला वेगळं सांगायला नको. साखळी अशी असते: वीज गेली की यूपीएस कंट्रोल रूम सांभाळतो, तेवढ्यात जनरेटर सुरू होतो आणि ट्रान्समीटर परत उचलतो. ही साखळी कागदावर निर्दोष असते. प्रत्यक्षात जनरेटरची बॅटरी उतरलेली निघते. म्हणून दर आठवड्याला जनरेटर रिकामा न चालवता भारावर चालवून बघायचा, आणि तेही सभा चालू नसताना.

या कामाला यायचं कसं

आकाशवाणी-दूरदर्शनमध्ये अभियांत्रिकी बाजूची उतरंड टेक्निशियन, सीनियर टेक्निशियन, इंजिनिअरिंग असिस्टंट, सीनियर इंजिनिअरिंग असिस्टंट, असिस्टंट इंजिनिअर अशी चढत जाते. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, ही दारं. दूरचित्रवाणीचं ध्वनिमुद्रण, संकलन, कॅमेरा शिकायचा तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. तालुक्यातच लोणीला प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणारी मुलं-मुली सॉफ्टवेअरकडे वळतात, साहजिक आहे. प्रसार भारतीतली कायम भरती रोडावली, बरीच कामं कंत्राटावर गेली, हे त्यांना दिसतं.

सामुदायिक रेडिओ ही शिकायची फार चांगली जागा आहे. २००६ च्या धोरणानं शैक्षणिक संस्थांबरोबर स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. ताकद १०० वॅटपर्यंत, पल्ला पाच-दहा किलोमीटर. म्हसवडची माणदेशी तरंग, बारामतीची वसुंधरा वाहिनी ही आपल्याकडची चालती उदाहरणं. अशा केंद्रात स्टुडिओ, ट्रान्समीटर, टॉवर आणि जनरेटर एकाच माणसाच्या वाट्याला येतात, आणि दोन वर्षांत तो जे शिकतो ते मोठ्या केंद्रात एका टेबलावर बसून दहा वर्षांत शिकता येत नाही.

कोणी विचारलं, आधी काय शिकू? तर सोल्डरिंग, अर्थिंग आणि नेटवर्किंग, या क्रमानं. पहिली दोन जुनी वाटतील, पण रात्री अकराला पडलेलं केंद्र बहुतेक वेळा याच दोनांपैकी एकानं उठतं. आणि रजेचं आधीच समजून घ्यावं: दिवाळी, गणपती, मतमोजणी, पूर, या दिवशी सगळे घरी रेडिओ-टीव्हीपुढे बसतात, म्हणजे ड्युटी पक्की. दिवाळीच्या पहाटेचा खास कार्यक्रम लावून पहिली सभा मार्गी लागली, की तंत्रज्ञाच्या डब्यातला फराळ कंट्रोल रूममध्येच उघडतो. कन्सोलपासून चार हात लांब, कारण चिवड्यातली एक शेव फेडरच्या फटीत गेली की ती काढायला अर्धा दिवस जातो.